वरिष्ठांची परिषद आणि कमी भरलेली पुस्तके

बेलमांडवा येथील सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल श्री. रूपराव कोहळे हे शनिवारी सायंकाळी कॅटलॉगच्या जुन्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर सुवाच्य अक्षरात स्वतःचे नाव लिहीत बसले होते. दुसऱ्या दिवशी वर्धा मुक्कामी जिल्ह्यातील वरिष्ठ ग्रंथपालांची परिषद भरावयाची होती, आणि परिषदेच्या पत्रकात ‘प्रत्येक ज्येष्ठ प्रतिनिधीने परस्परांस देण्याकरिता स्वतःची किमान पंचवीस ओळखपत्रे सोबत आणावीत’ अशी स्पष्ट सूचना होती. छापील ओळखपत्रे रूपरावांनी एकतीस वर्षांच्या सेवेत कधी बाळगली नव्हती. बेलमांडव्यात त्यांना न ओळखणारा मनुष्य अद्याप जन्मास यावयाचा होता.

“हे खाली भोक कायले हाय?” एक कार्ड उचलून त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंनी विचारले.

“त्यातून सळई जाते. कार्डं खनातून सांडू नाई म्हनून.”

“मंग तिथं लोकं तुमाले सळईत ओवनार हायेत का?”

“अन्नपूर्णा, वरिष्ठ मानसाचं काम ओळखीवर चालते. पुन्याचे साहेब त्याच विषयावर बोलाले येऊन राह्यले.”

“एकतीस वर्सं तुमाले कोनाची ओळख लागली नाई. आताच काऊन लागली?”

या प्रश्नाचे उत्तर रूपरावांपाशी होते. परंतु ते पत्नीस देण्याजोगे नव्हते.

येत्या गुरुवारी वाचनालयाची तपासणी व्हावयाची होती. वाचनालय ‘ब’ वर्गाचे होते, आणि त्या वर्गास पुस्तकांची जी किमान संख्या लागते ती दाखल-नोंदवहीत पूर्ण होती. कपाटांत मात्र नव्हती. रूपरावांनी सलग दोन रविवार आतून कडी लावून मोजणी केली, तेव्हा चारशे बारा पुस्तके कमी भरली. ती चोरीस गेली असे म्हणणे गावावर अन्याय करणारे ठरेल. बाळंतपणास माहेरी आलेल्या लेकीसाठी कोणी एक कादंबरी नेली, आणि ती कादंबरी बाळंतविड्यासोबत लेकीच्या सासरी गेली. दहावीतल्या मुलासाठी कोणी निबंधांचे पुस्तक नेले, आणि तो मुलगा आता पुलगावला नोकरीस असून त्याचाच मुलगा निबंध लिहू लागला होता. माजी अध्यक्षांनी नेलेल्या बावीस पुस्तकांविषयी तर अवाक्षर काढण्याची सोय नव्हती, कारण त्यांचे छायाचित्र हार घालून वाचनालयातच टांगलेले होते.

ही संख्या गुरुवारी भरून दिसली नाही, तर वाचनालयाचा वर्ग घसरणार होता. आणि वर्ग घसरताच काय करावयाचे, याचा ठराव ग्रामपंचायतीने मोठ्या दूरदृष्टीने आधीच तयार करून ठेवला होता. चौकाकडे खिडकी असलेली, पंखा असलेली वाचनालयाची खोली व्यायामशाळेस द्यावी, आणि वाचनालय कोंडवाड्यामागील पत्र्याच्या खोलीत हलवावे, असे त्यात नमूद होते. त्या खिडकीशी रूपराव एकतीस वर्षे बसत आले होते. गावातले प्रत्येक लग्न, प्रत्येक भांडण व प्रत्येक एसटी त्यांनी त्याच खिडकीतून पाहिली होती. चारशे बारा पुस्तके दिसली तर खिडकी राहणार, न दिसली तर कोंडवाडा, इतकी ही गोष्ट सरळ होती.

परिषद एका मंगल कार्यालयात भरली होती. व्यासपीठावर नवरा-नवरीच्या नक्षीदार खुर्च्यांत अध्यक्ष व पुण्याचे प्रमुख वक्ते विराजमान झाले होते. वक्त्यांचा विषय ‘ज्येष्ठ व्यावसायिकांचा परस्परसंपर्क’ असा होता, आणि त्यांनी तो पाऊण तास अत्यंत तळमळीने मांडला.

“मित्रहो,” ते म्हणाले, “परिषदेतलं व्याख्यान हे केवळ निमित्त असतं. खरी परिषद चहाच्या वेळी भरते. नवख्या माणसाला अडचण आली तर तो वरिष्ठाला विचारतो. वरिष्ठाला अडचण आली तर त्यानं कुणाला विचारावं? दुसऱ्या वरिष्ठाला. पण तो विचारत नाही. त्याला वाटतं, मी विचारलं तर मी वरिष्ठ कसला? आणि अशा रीतीनं एका सभागृहात दोनशे अडचणी आणि दोनशे उत्तरं शेजारी शेजारी बसतात, जेवतात आणि घरी जातात.”

सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. प्रत्येकाने टाळ्या वाजविताना शेजाऱ्याकडे पाहिले, कारण वक्त्यांचा रोख त्याच्याकडेच आहे याविषयी कोणालाही शंका नव्हती. रूपरावांना तर हे विचार इतके भावले, की चहाची घोषणा होताच ते सर्वांच्या आधी उठले.

आता येथे आपल्याकडील एक रीत सांगणे अगत्याचे आहे. आपल्याकडे मोठ्या माणसाने मोठ्या माणसापाशी वस्तू मागावयाची नसते. स्वतःची वस्तू देऊ करावयाची असते. आपण देऊ केली म्हणजे समोरच्यालाही लाजेकाजेस्तव आपली देऊ करावी लागते, आणि मग ती घेण्यास हरकत नसते. या रीतीने मान राहतो व वस्तूही मिळते. रूपराव या शास्त्रात पारंगत होते. चहाच्या टेबलापाशी त्यांना श्रावणजी थूल दिसले. सेवाग्रामच्या वाटेवरील एका गावाचे हे ग्रंथपाल रूपरावांहून दोन वर्षांनी वडील होते.

“श्रावणजी, तपासनी केव्हा हाय तुमच्याकडे?”

“मंगळवारी. तुमच्याकडे?”

“गुरुवारी. काई कमीजास्त लागलं त माह्याकडचे पुस्तकं घेऊन जा बरं. संकोच करू नोका.”

श्रावणजींचा चेहरा उजळला. “पाहा, मी हेच तुमाले म्हननार होतो. माह्याकडचे घेऊन जा. कितीही.”

“मंग येतोच मी.”

“मीही येतोच.”

दोघांनी एकमेकांस ओळखपत्रे दिली. श्रावणजींनी कार्डाच्या भोकातून रूपरावांकडे क्षणभर पाहिले, पण वरिष्ठपणास जागून ते काही बोलले नाहीत.

जेवणाच्या रांगेत रूपरावांना धुरपताबाई ढोके भेटल्या. त्या एका महिला वाचनालयाच्या ग्रंथपाल असून जिल्ह्यात त्यांच्या शिस्तीचा दरारा होता. त्यांच्यापुढे रूपरावांनी ‘दोनशे म्हना, तीनशे म्हना, ट्रॉली भरून न्या’ इथपर्यंत औदार्य दाखविले. धुरपताबाईंनीही ‘माह्या बायांचं वाचनालय म्हनजे तुमचंच घर हाय’ असे उत्तर दिले. गट-छायाचित्राच्या वेळी शेजारी उभे असलेले ओमप्रकाशजी राठी हे घरचे किराणा दुकान सांभाळून पंचवीस वर्षे ग्रंथपालपद भूषवीत होते. छायाचित्रकार ‘इकडे पाहा’ म्हणत असता या दोघांनी एकमेकांकडे पाहून आपापली ग्रंथसंपदा एकमेकांस बहाल केली. त्या छायाचित्रात दोनशे वरिष्ठांपैकी हे दोघेच हसताना दिसतात.

परतीच्या एसटीत रूपरावांनी खिशातील डायरीत तीन नावे लिहिली व त्यांपुढे मिळावयाच्या पुस्तकांचा अंदाज मांडला. तो आठशेंच्या पुढे गेला. स्वतः देऊ केलेल्या पुस्तकांची नोंद त्यांनी केली नाही. ते केवळ सौजन्य होते.

“भेटला का संपर्क?” घरात पाऊल टाकताच अन्नपूर्णाबाईंनी विचारले.

“आठशे,” रूपराव समाधानाने म्हणाले व पाय धुण्यास गेले.

सोमवारी सकाळी त्यांनी गावातला मालवाहू ऑटो ठरविला. निघण्यापूर्वी श्रावणजींना दूरध्वनी करावा असे एकदा त्यांच्या मनात आले. परंतु दूरध्वनी करणे म्हणजे आठवण देणे, आणि आठवण देणे म्हणजे मागणे. त्यापेक्षा सहज वाटेने जाताना उभे राहिल्यासारखे दारी उभे राहावे, हे अधिक शोभणारे होते. ऑटोत त्यांनी सुतळीचे दोन गुंडे व सहा रिकामी पोती घेतली, आणि चालकाशेजारी बसून ते पवनारच्या दिशेने निघाले.

पवनारला धामच्या पुलाअलीकडे एक चहाची टपरी आहे. तेथे ऑटोचालकास चहाची इच्छा झाली. रूपराव खाली उतरतात तोच पुलावरून एक छोटा टेम्पो आला व टपरीपाशी थांबला. त्यातून श्रावणजी उतरले.

“अरे, रूपरावजी. कुठी निघाले जी?”

“तुमच्याचकडे. अन् तुमी?”

“मी तुमच्याचकडे.”

दोघेही हसले. मग श्रावणजींनी ऑटोत डोकावून पाहिले, आणि रूपरावांनी टेम्पोत.

“गाडी रिकामी दिसते तुमची,” श्रावणजी म्हणाले.

“तुमचीही रिकामीच हाय.”

“मी न्याले आलो ना.”

“मीही न्यालेच निघालो.”

दोघांनी चहा मागविला. चहा येण्यापूर्वीच ओमप्रकाशजींच्या दुकानाची पिकअप गाडी येऊन उभी राहिली. ती रिकामी होती. ओमप्रकाशजी खाली उतरले, त्यांनी ऑटो पाहिला, टेम्पो पाहिला, दोघांची तोंडे पाहिली, आणि व्यापारी मनुष्य असल्यामुळे त्यांना सर्व उलगडा तत्काळ झाला.

“म्हनजे माल कोनाकडेच नाई,” ते म्हणाले.

“तसं नाई,” रूपराव म्हणाले. “माल हाय. पन तो तूर्त वाचकाकडे हाय.”

“माह्याकडचाही वाचकाकडेच हाय,” श्रावणजी कपात पाहत म्हणाले. “स्पर्धा परीक्षेचे पोरं नेतात. पास झाले का गाव सोडतात. नापास झाले का तोंड लपवतात. दोन्हीकडून पुस्तक गेलंच.”

“माह्याकडे छत गळते,” ओमप्रकाशजी म्हणाले. “इतिहासाचं अख्खं कपाट लगदा झालं. चारशे तीस.”

“माह्याकडे चारशे पाच.”

रूपरावांनी घसा खाकरला. हा आकडा त्यांनी आजवर कोणाला सांगितला नव्हता, पत्नीलाही नाही. “चारशे बारा,” ते म्हणाले.

त्याच वेळी पुलावरून ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत दोराची दोन वेटोळी व ताडपत्री ठेवलेली होती, आणि ट्रॅक्टरच्या चाकावरील पत्र्यावर डोईवर पदर घट्ट आवळून धुरपताबाई ढोके बसल्या होत्या. टपरीपाशी ट्रॅक्टर थांबताच त्यांनी तिन्ही वाहनांवरून नजर फिरविली.

“रूपरावजी, तुमी म्हनले होते ट्रॉली भरून न्या,” त्या म्हणाल्या. “म्हनून मी जेठाची ट्रॉलीच आनली.”

“बसा, बाई. चहा घ्या,” रूपराव क्षीण आवाजात म्हणाले.

“चहा मंग घेईन. पुस्तकं कुठी हायेत?”

अखेर ओमप्रकाशजींनी त्यांना परिस्थिती थोडक्यात समजावून सांगितली. धुरपताबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली. त्यांची शिस्त जिल्ह्यास ठाऊक होती. म्हणून त्या आता काय बोलतील या भीतीने तिन्ही वरिष्ठ खाली पाहत उभे होते.

“माह्याकडे तीनशे नव्वद कमी हायेत,” धुरपताबाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. “बाया पुस्तकं नेतात अन् भिशीत एकमेकीले देतात. कोनाचं पुस्तक कोनाच्या घरी, बाप्पालेच माहीत.”

वक्त्यांनी सांगितलेल्या दोनशे अडचणींपैकी चार अशा रीतीने पवनारच्या टपरीवर प्रथमच उघडपणे मांडल्या गेल्या. मंगल कार्यालयात जे घडावयाचे होते ते येथे घडत होते, फक्त उत्तरे तेवढी उपलब्ध नव्हती.

मार्ग काढला तो ओमप्रकाशजींनी. “तपासनीचे साहेब एक हाय,” ते म्हणाले. “गावं चार. मंगळवारी श्रावणजी, बुधवारी सकाळी धुरपताबाई, दुपारी मी, गुरुवारी रूपरावजी. साहेब एका वेळी एकाच गावी राहीन ना? मंग प्रत्येकानं आपले दीडशे काढा. सहाशेचा एक माल बांधा, अन् साहेबाच्या पुढं पुढं फिरवा. ज्याच्या घरी तपासनी, त्याले बाकी तिघायचे साडेचारशे भेटतात. सगळ्यायचं भागते.”

“पन प्रत्येक पुस्तकावर आपापला शिक्का हाय,” श्रावणजी म्हणाले.

“साहेब मोजतात. उघडत नाईत.”

“अन् उघडलं त?”

“कव्हर घालू पेपराचे,” धुरपताबाई म्हणाल्या. “पहिलं पान कव्हरात दुमडून टाकू. गुप्त पान कोन पाह्यते?”

गुप्त पान म्हणजे प्रत्येक वाचनालयाने आपल्यापुरते ठरविलेले आतले एक पान. पहिले पान कोणी फाडले तरी पुस्तक कोणाचे हे कळावे, म्हणून त्यावर दुसरा शिक्का मारून ठेवतात. ते पान कोणते हे ग्रंथपाल सहसा स्वतःच्या मुलालाही सांगत नाहीत. त्या दिवशी टपरीवर चौघांनी आपापली गुप्त पाने एकमेकांस सांगितली. श्रावणजींचे एक्कावन्न, ओमप्रकाशजींचे सत्तावीस, धुरपताबाईंचे एकशे एक आणि रूपरावांचे एकतीस. एवढा विश्वास या चौघांनी आयुष्यात कोणावर टाकला नव्हता. पुण्याच्या वक्त्यांनी सांगितलेला परस्परसंपर्क याहून निराळा काय असणार, असे रूपरावांना मनोमन वाटले.

सोमवारचा उरलेला दिवस कव्हरे घालण्यात गेला. अन्नपूर्णाबाईंनीही चिकटविण्यासाठी खळ कालवून दिली. मंगळवारी दुपारी श्रावणजींचा दूरध्वनी आला.

“झालं बाप्पा. संख्या बरोबर भरली. साहेबासंगचा बाबू मोजत होता, साहेब एक पुस्तक घेऊन कोपऱ्यात वाचत बसले. एक शब्द बोलले नाईत.”

“सज्जन मानूस दिसते.”

“लई सज्जन. ताराचंद साहेब नाव हाय. चहाही अर्धाच घेतला.”

बुधवारी सकाळी धुरपताबाईंकडूनही तसाच निरोप आला, आणि सायंकाळी ओमप्रकाशजींकडूनही. साहेब भेटतात, बाबू मोजतो, साहेब वाचतात, साहेब जातात. रूपरावांची छाती भरून आली. वाचन करणारा अधिकारी तपासणीस येणे हे वाचनालयाचे भाग्यच म्हणावयाचे.

बुधवारी दिवेलागणीस ओमप्रकाशजींची पिकअप सहाशे पुस्तके घेऊन बेलमांडव्यास पोचली. पुस्तके दुकानातील पोत्यांत भरलेली होती, आणि ती पोती त्याआधी तिखटाच्या मिरचीची होती. रूपराव व अन्नपूर्णाबाई यांनी पुस्तके कपाटांत लावताना दोघांना मिळून किती शिंका आल्या याची मोजणी ठेवलेली नाही.

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता ताराचंद साहेब आले. पन्नाशीचे, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी, आणि चष्म्याआडचे डोळे असे की ज्यांतून काहीही बाहेर येत नाही. सोबतच्या बाबूने कपाट उघडले, तीन वेळा शिंक दिली व मोजणीस आरंभ केला.

“मिरचीचा वास येतो आहे,” ताराचंद साहेब म्हणाले.

“पुस्तकाले कसर लागू नाई म्हनून, साहेब. देशी उपाय हाय,” रूपराव म्हणाले. हे वाक्य त्यांना इतक्या सहज सुचले, की त्यांना स्वतःचेच कौतुक वाटले.

साहेबांनी मान हलविली व ते कपाटांपुढून सावकाश फिरू लागले. पहिले कपाट, दुसरे कपाट. तिसऱ्या कपाटापाशी त्यांनी हात मागे बांधले.

“वर्तमानपत्राचं कव्हर असलेलं एक पुस्तक असेल,” ते म्हणाले. “कव्हरावर ट्रॅक्टरची जाहिरात आहे. अर्धाच ट्रॅक्टर. मागचं चाक दुसऱ्या बाजूला गेलं आहे.”

रूपरावांनी शोध घेतला. खालच्या फळीवर अर्धा ट्रॅक्टर सापडला. ती एका जमीनदाराच्या खुनाची जाडजूड रहस्यकथा होती. साहेबांनी ती घेतली, रूपरावांच्या खिडकीशी ठेवलेल्या खुर्चीवर बसले, आणि पाने चाळण्याची तसदी न घेता सरळ एकशे चौऱ्याऐंशीवे पान उघडून वाचू लागले.

“साहेब,” रूपराव काही वेळाने म्हणाले, “हे पुस्तक आधी वाचलं हाय काय तुमी?”

“सुरू केलं होतं.”

“कुठी?”

“मंगळवारी, श्रावणजींकडे. काल सकाळी धुरपताबाईंकडे बरंच झालं. दुपारी ओमप्रकाशजींकडे चहा सारखा येत होता, म्हणून खंड पडला.” त्यांनी पान उलटले. “आता थोडं थांबा. वकिलाची उलटतपासणी चालू आहे.”

पुढील सव्वा तास रूपराव वाचनालयात उभे होते. बसावे तर त्यांच्या खुर्चीवर साहेब होते. भिंतीवर ‘शांतता राखा’ ही त्यांनीच एकवीस वर्षांपूर्वी लिहिलेली पाटी होती, आणि ती आज प्रथमच काटेकोरपणे पाळली जात होती. मधूनच बाबूची शिंक तेवढी ऐकू येई. एकदा रूपरावांच्या खिशातील दूरध्वनी वाजला. ते बाहेर ओट्यावर गेले.

“झालं काय?” श्रावणजींनी विचारले.

“वाचून राह्यले.”

“मंग चिंता नोको. वाचाले बसले का साहेब खूश.”

“तेच पुस्तक, श्रावणजी. तुमच्याकडचंच. आता शेवटाले आलं.”

मग श्रावणजींनी अतिशय हळू आवाजात विचारले, “माहं नाव निघालं काय?”

“निघालं. चौघायचंही.”

“मी फोन ठेवतो,” श्रावणजी म्हणाले व त्यांनी तो ठेवला.

रूपराव आत आले तेव्हा बाबूची मोजणी संपली होती. संख्या पूर्ण भरली होती. किंबहुना अडतीस पुस्तके अधिकच होती. ताराचंद साहेब शेवटच्या पानावर होते. ते वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढविला.

“खून कोणी केला हे मला मंगळवारीच कळलं होतं, रूपरावजी,” ते म्हणाले. “पण पुस्तक पुरतं वाचल्याशिवाय कोणाचं नाव घेऊ नये.”

रूपरावांनी हात जोडले. त्यांना पुष्कळ बोलावयाचे होते. माहेरवाशिणी, परीक्षेची मुले, गळके छत, भिशीतल्या बाया, छायाचित्रातले माजी अध्यक्ष, सारे एकदम त्यांच्या ओठांपर्यंत आले आणि दाटीमुळे एकही बाहेर पडू शकले नाही.

“ही खोली जाईन, साहेब,” एवढेच ते म्हणाले. “कोंडवाड्याच्या मागं टाकतात मले.”

ताराचंद साहेबांनी खिडकीबाहेर पाहिले. चौकात एसटी उभी होती. कंडक्टर खाली उतरून कोणाशी तरी वाद घालीत होता, आणि वाद रंगात आला होता. साहेबांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

“खिडकी चांगली आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी हातातले पुस्तक रूपरावांपुढे धरले. “हे धुरपताबाईंचं आहे. एकशे एक पानावर शिक्का आहे. त्यांना नेऊन द्या. बाकीचीही ज्याची त्याला नेऊन द्या.”

“देतो, साहेब.”

“वर्ग मी आज घसरवत नाही. तुमचाही नाही, त्या तिघांचाही नाही.” साहेबांनी पिशवीतून कागद काढला व त्यावर दोन ओळी लिहिल्या. “सहा महिने देतो. आजचा शेरा ‘फेरतपासणी’. तोवर खोलीला कोणी हात लावणार नाही. मी पंचायतीला तसं पत्र देतो.”

रूपरावांचा जीव भांड्यात पडला. सहा महिने म्हणजे पुष्कळ वेळ होता. सहा महिन्यांत पवनारच्या टपरीवर कितीतरी वेळा भेटता येईल. कव्हरे चांगल्या एकरंगी कागदाची घालता येतील. रहस्यकथा तेवढ्या मालातून वगळता येतील. विचारांच्या ओघात त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा वरिष्ठपणाचे तेज येऊ लागले होते.

“फेरतपासणी चारही गावी एकाच दिवशी होईल,” साहेब लिहिता लिहिता म्हणाले. “सकाळी दहा वाजता.”

रूपरावांनी हिशेब करून पाहिला. मग आदरपूर्वक म्हणाले, “पन साहेब, तुमी त एकटेच हा. चार गावी एकाच टायमाले कसे जासान?”

“शेजारच्या जिल्ह्यांत माझ्यासारखे तिघं आहेत. मागच्या महिन्यात नागपूरला आम्हा तपासणी अधिकाऱ्यांची परिषद होती. व्याख्यानं ठीकच होती. चहाच्या वेळी या तिघांशी ओळख झाली. त्यांच्याकडंही पुस्तकं अशीच फिरतात म्हणे. तेव्हा ठरलं, ज्याच्याकडे फेरतपासणी निघेल त्याच्याकडे बाकीच्या तिघांनी जायचं.”

त्यांनी कागदावर सही केली, एक प्रत रूपरावांना दिली व पिशवी खांद्याला लावली. बाबू आधीच मोकळ्या हवेत जाऊन उभा राहिला होता. रूपराव त्यांना पोचवायला ओट्यापर्यंत गेले. खोली, वर्ग, सहा महिने, हे सारे तूर्त त्यांच्या मनातून मागे सरले होते. केवळ एक व्यावसायिक जिज्ञासा उरली होती.

“साहेब, एक विचारू काय? तिघंही एका बोलीवर तयार झाले?”

“झाले.”

“तुमी त्यायले काय देऊ केलं होतं?”

“काही नाही,” ताराचंद साहेब चपला घालीत म्हणाले. “माझ्याच्यानं एकट्यानं होत नाही, मदत करा, असं म्हणालो.”

ते निघून गेले. एवढ्या वरिष्ठ हुद्द्यावरचा मनुष्य चारचौघांत असे बोलला असेल, यावर विश्वास ठेवणे रूपरावांना फार जड जात होते.